तंबू सोडून हॅमॉकमध्ये झोपायचं असेल तर

(या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, एक आकडा चुकला होता तो दुरुस्त केलाय. बाकी जसं बोललो तसंच.)

मागे जो कर्र-कर्र आवाज येतोय ना, तो माईकचा दोष नाही. मी साकोली तालुक्यात मामाच्या शेतात आहे, दोन आंब्यांच्या मध्ये हॅमॉक बांधलाय आणि त्यात पडून रेकॉर्ड करतोय. मी जरा हललो की पट्टा खोडावर घासतो, त्याचा तो आवाज. मार्च संपत आलाय, संध्याकाळचे सहा वाजलेत, आणि डास अजून यायचे आहेत. ते यायच्या आत संपवू.

कॅम्पिंगवर बोललो तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय. तंबू घेऊ की हॅमॉक? रीलमध्ये लोक नदीकाठी मस्त झुलताना दिसतात, खरंच तसं रात्रभर झोपता येतं का?

येतं. माझं मत विचाराल तर आपल्या भंडारा जिल्ह्यात वर्षातले सात-आठ महिने तंबूपेक्षा हॅमॉकच बरा. पण तो कसा बांधायचा आणि कुठे अजिबात बांधायचा नाही, हे आधी कळलं पाहिजे. न कळता बांधला तर काय होतं ते माझ्या मामेभावाच्या माकडहाडाला विचारा. त्यावर येतोच.

आधी तंबूचं सांगतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही चौघे गावाजवळच्या मामा तलावाच्या पाळीवर तंबू ठोकून झोपलो होतो. (बाहेरच्या ऐकणाऱ्यांसाठी: मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने हे तलाव बांधले, आणि त्यांच्यामुळेच आपला जिल्हा तलावांचा जिल्हा.) मे महिन्यात इथे दुपारी पारा ४४-४५ पर्यंत जातो. जमीन दिवसभर तापते आणि ती उष्णता रात्रभर सोडत राहते, म्हणजे तुम्ही तव्यावरच अंथरूण घालता. वर तंबूचं पॉलिस्टर, हवा खेळत नाही. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॅट उष्णता बाहेर टाकतो. चौघे म्हणजे बंद पिशवीत ३०० वॅटचा हीटर. रात्री एक वाजता मी बाहेर पडलो आणि जवळच्या शेतात उभ्या असलेल्या बंडीवर जाऊन झोपलो. बंडीवर गार वाटलं, कारण खालून हवा वाहत होती. हॅमॉकची सगळी युक्ती एवढीच आहे: अंगाखालून वारा.

दुसरा मुद्दा जमिनीवरच्या मंडळींचा. मण्यार हा साप रात्री फिरतो, आणि त्याचे बरेचसे दंश जमिनीवर झोपलेल्या माणसांना होतात. दात बारीक असतात, दुखत जवळजवळ नाही, कधीकधी खूणही दिसत नाही. आमच्या गावातले एक काका उन्हाळ्यात खळ्यावर सतरंजी टाकून झोपले होते. पहाटे पोटात दुखायला लागलं. घरच्यांना वाटलं ॲसिडिटी, सोडा पाजला. तासाभरात पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, जीभ अडखळायला लागली. तेव्हा कुणाला तरी सुचलं आणि गाडी काढली. काका वाचले, पण व्हेंटिलेटरवर राहून. हे मुद्दाम सांगतोय. बाहेर झोपल्यावर पहाटे कुणाचं विनाकारण पोट दुखलं आणि डोळे मिटायला लागले, तर चावल्याची खूण शोधत बसू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून नेण्याच्या भानगडीत पडायचं कारणच नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर झिप नीट लावलेला, तळ न फाटलेला तंबूसुद्धा सापापासून तेवढाच वाचवतो. पण आमच्या मे महिन्यातल्या तंबूची झिप रात्रभर उघडी होती. कारण? उकाडा. तंबूचा सगळा उपयोग तो बंद ठेवण्यात आहे, आणि आपल्या हवेत तो बंद ठेवून झोपवत नाही. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण सापडले होते, आठवत असेल. तो रोग पसरवणारी बारीक किडीची पिल्लं गवतात-झुडपांत असतात. गवतावर लोळणं जितकं कमी तितकं चांगलं. एवढं मात्र लक्षात ठेवा, हॅमॉकमध्ये झोपलात तरी चपला-बूट खाली जमिनीवरच असतात. ते पट्ट्याला लटकवून ठेवायचे, आणि रात्री उतरताना आधी टॉर्च, मग पाय.

हॅमॉक हा शब्द तिकडून, कॅरिबियन बेटांवरून आला. तिथले ताइनो लोक विणलेल्या जाळीत झोपायचे, तिला हमाका म्हणायचे. १४९२ मध्ये कोलंबसाच्या लोकांनी ते पाहिलं. पुढे जहाजांवर त्याची चाल पडली, कारण जहाज डोललं तरी टांगलेला माणूस सरळच राहतो. वस्तू म्हणून मात्र आपल्याला ती काही नवीन नाही. तुम्ही-आम्ही सगळे तिच्यातच वाढलो. आईच्या जुन्या लुगड्याची, आड्याला बांधलेली झोळी.

आणि इथेच मामेभावाचं माकडहाड येतं.

आम्ही पहिला हॅमॉक मागवला तेव्हा सोबत आलेल्या दोऱ्या आखूड होत्या, म्हणून घरातली नायलॉनची दोरी लावली आणि दोघांनी दोन्हीकडून ओढून हॅमॉक तारेसारखा सरळ ताणला. वाटलं, सपाट असला की पाठ सपाट राहील. आजी ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "बाबू, झोरी अशी तानून नाही बांधत. तिले पोट ठेवा लागते." आम्ही हसलो. मी इंजिनिअर, तो डिप्लोमावाला. भाऊ धपकन बसला, दोरी तुटली, तो सरळ दगडावर. तीन आठवडे उशी घेऊन बसत होता.

आजीचं 'पोट' म्हणजे काय ते नंतर कागदावर मांडलं. बीटेकच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्समध्ये शिकवलेलं होतं, फक्त हॅमॉक बघून आठवलं नाही. तुमचं वजन दोन पट्टे मिळून पेलतात. पट्टा आडव्या रेषेशी किती अंशाने तिरका आहे, त्यावर प्रत्येक पट्ट्यातला ताण ठरतो. समजा वजन ७० किलो. पट्टा ३० अंशांत असेल तर प्रत्येक पट्ट्यात ताण बरोबर ७० किलोइतका. १५ अंशांवर आणलात तर १३५. १० अंशांवर २००. आणि आम्ही बांधला होता तसा, जेमतेम ५ अंश, तर ४०० किलो. चारशे! वजन तेच, माणूस तोच, फक्त दोरी सरळ केली. त्यात धपकन बसलात तर क्षणभर तो ताण दुपटीच्या वर जातो. कपडे वाळत घालायच्या दोरीकडून आम्ही केवढी अपेक्षा केली होती बघा.

म्हणून ३० अंश. मोजायचा कसा? फोनमध्ये लेव्हलचं ॲप असतं, फोनची कड पट्ट्याला टेकवली की आकडा दिसतो. फोन नको असेल तर हात पिस्तुलासारखा करा, तर्जनी सरळ आडवी, अंगठा वर. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत जी तिरकी रेघ जाते, ती साधारण ३० अंशांत असते. पट्टा त्या रेघेत आला की झालं. झाडं १२ ते १५ फुटांवर असावीत, पट्टा खोडाला साडेपाच-सहा फुटांवर बांधायचा, आणि बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फूट. जास्त उंच बांधून काही मिळत नाही, फक्त पडायची उंची वाढते.

दोरी वापरूच नका. बारीक दोरी झाडाची साल कापते आणि नायलॉन रात्रभर ताणला जाऊन पहाटेपर्यंत तुम्हाला जमिनीवर आणून ठेवतो. एक-दीड इंच रुंद पॉलिस्टरचे पट्टे घ्या. हॅमॉकचे मिळतात, नाहीतर ट्रकवर माल आवळायचे पट्टे असतात तेही चालतात. खाटेची सुती नवार नको, ओली झाली की सडते आणि ते बाहेरून दिसत नाही.

आता झोपायचं कसं. केळ्यासारखं वाकून नाही. रीलमध्ये दिसतात तसे लोक मधोमध सरळ झोपतात, म्हणून सकाळी कंबर धरून उठतात. हॅमॉकमध्ये तिरकं झोपायचं: डोकं मधल्या रेषेच्या थोडं डावीकडे, पाय थोडे उजवीकडे. कापड बाजूंना पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. त्यासाठी कापडात ढील हवी. दोन्ही टोकांमध्ये वरून एक बारीक दोरी कायमची बांधून टाकायची, हॅमॉकच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के. दहा फुटी हॅमॉकला आठ फूट चार इंच. मग झाडं जवळ असोत की लांब, 'पोट' रोज तेवढंच राहतं. मला हा सगळ्यात कामाचा जुगाड वाटतो. पालथं झोपणाऱ्यांचं मात्र अवघड आहे. मी पालथा झोपायचो, आठवडाभरात सवय गेली. मामेभावाची गेली नाही, तो आजही खाटच पसंत करतो.

हॅमॉकचा खरा शत्रू गारठा आहे, आणि हे कुणी आधी सांगत नाही. मी डिसेंबरमध्ये पवनीकडे, वैनगंगेच्या काठाजवळ एका मित्राच्या शेतात झोपलो होतो. अंगावर जाड ब्लँकेट, कानटोपी, मोजे. तरी रात्री दोनला पाठ बर्फ. वरून घाम, खालून थंडी, असं विचित्र. कारण असं की ब्लँकेट किंवा स्लीपिंग बॅग स्वतः काही गरम नसते. तिच्यात अडकलेली हवा तुमची उष्णता धरून ठेवते. अंगाखाली ती चेपली गेली की हवा बाहेर, आणि उरतो फक्त पातळ कपडा. त्याला खालून वारा लागतो. मे महिन्यात जी गोष्ट वरदान होती, तीच डिसेंबरात शिक्षा.

उपाय दोन. सोपा म्हणजे फोमची चटई, योगा मॅट चालते, ती आत अंगाखाली. फोम चेपत नाही. पण ती रात्री सरकते, आणि तुम्ही खांदा शोधत राहता. दुसरा उपाय म्हणजे गोधडी हॅमॉकच्या बाहेरून, खाली टांगायची, कापडाला जेमतेम टेकेल अशी. दाबली जाऊ द्यायची नाही. चार कोपऱ्यांना नाड्या शिवून घेतल्या की काम होतं. महागड्या वस्तू मिळतात यासाठी, पण मी आजीची जुनी वाकळच लावतो.

डासांसाठी चारी बाजूंनी बंद होणारी जाळी हवी. नुसती वरून टाकलेली नको, कारण पातळ कापडातून खालच्या बाजूनेही डास चावतात. हॅमॉक घेतानाच जाळीवाला घ्या. पट्टे, जाळी, वरची ताडपत्री, खालचं पांघरूण सगळं धरलं तर वजन दोन किलोच्या आसपास जातं, म्हणजे हॅमॉक तंबूपेक्षा फार हलका असतो हे अर्धसत्यच.

आता झाडं. आंबा, चिंच, कडुलिंब, जुना साग यांची खोडं मांडीपेक्षा जाड असली की बिनधास्त. पळस दिसायला सुंदर, पण वाकडा आणि बऱ्याचदा आतून पोखरलेला, नको. काटेसावरीला काटे. बिब्ब्याच्या झाडाला तर हातही लावू नका, त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. झाड निवडलं की आधी वर बघायचं. वाळलेली फांदी आहे का? वारा नसतानाही ती पडते. पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आग्या मोहोळ. हे पोळं उंच फांदीला लटकलेलं असतं, संध्याकाळच्या अंधारात दिसत नाही, आणि खाली तुम्ही चहासाठी जाळ केला की धूर थेट त्यांच्या घरात. उजेडात बघून घ्या.

घराचे खांब? विचार करून. खांब वरून येणारं वजन पेलायला बांधलेला असतो, आडवं ओढायला नाही. ३० अंशांत बांधलात तरी ७० किलोचा माणूस प्रत्येक खांबाला साठेक किलोने आत खेचतो. नुसत्या विटांचा खांब असेल तर तो तुमच्याच अंगावर येऊ शकतो.

इथवर सगळं दुरुस्त करता येण्यासारखं होतं. जागा चुकली तर दुरुस्ती नाही.

आपल्या जिल्ह्यात कोका अभयारण्य आहे, शेजारी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, पवनीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला. या जंगलांच्या आत परवानगीशिवाय पाऊल टाकणंसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, झोपायचं तर सोडाच. पण मी कायद्यासाठी हे सांगत नाहीये. 'जय' आठवतो? नागझिऱ्यातला वाघ. २०१३ च्या सुमारास तो चालत चालत उमरेड-कऱ्हांडल्याला पोचला, आणि २०१६ नंतर कुणाला दिसला नाही. नागझिरा ते कऱ्हांडला, मध्ये काय आहे? आपली शेतं. हायवे, नदी, धानाच्या बांध्या, गावं. तो हवेतून नाही गेला. जंगलाची हद्द आपल्यासाठी बोर्डावर असते, त्यांच्यासाठी नसते.

हॅमॉकमध्ये तुम्ही दीड फुटावर, कापडात गुंडाळलेले, पाय पटकन बाहेर काढता न येणारे. तंबूचं कापडही वाघाला काही अडवत नाही, हे खरं. म्हणून 'तंबू की हॅमॉक' हा प्रश्नच जंगलाच्या कडेला चुकीचा आहे. तिथे दोन्ही नाही. जागलीवर जाणारे शेतकरी उंच मचाण उगाच बांधत नाहीत.

दुसरा पाहुणा अस्वल, आणि त्याचा एक मोसम आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो, फुलं रात्रभर टपटप गळतात, आणि अस्वल ती खायला येतं. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसांवर हल्ले होतात ते बहुतेक असेच, दोघेही एकाच झाडाखाली येतात. शहरातून येणाऱ्या मित्रांना मोहाचं झाड फार आवडतं, जाड खोड, मोठी सावली, गोड वास. हॅमॉकला अगदी आदर्श. या दोन महिन्यांत त्याच्या आसपासही नको.

मग झोपायचं कुठे? गावाला लागून असलेली आमराई, घराचं अंगण, ओळखीच्या माणसाचं शेत जिथे रात्री माणसांची वर्दळ आहे. गोसीखुर्दचं बॅकवॉटर, चांदपूर, रावणवाडी अशा ठिकाणी जायचं असेल तर आधी गावात विचारा, या आठवड्यात काही दिसलं का. चहाच्या टपरीवर जी माहिती मिळते ती कुठल्याही ॲपवर नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात. ताडपत्री लावून रिमझिम पावसात हॅमॉक छान चालतो, खाली चिखल असला तरी तुम्ही कोरडे. पाणी पट्ट्यावरून ओघळत आत येतं, म्हणून हॅमॉकच्या थोडं आधी पट्ट्याला सुतळीचा तुकडा लटकवायचा, पाणी तिथूनच गळून जातं. पण वीज कडाडायला लागली की खेळ संपला. झाडाखाली थांबू नये हे शाळेत शिकलोय, आणि इथे तुम्ही दोन झाडांना स्वतःला बांधून घेतलंय. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत वीज पडून माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ढग गडगडला की सामान तिथेच टाकून पक्क्या घरात जायचं. घर जवळ नसेल अशा ठिकाणी जून ते सप्टेंबर मी जातच नाही.

तंबू कधी? झाडं नसलेला माळ, सोबत लहान मूल, कडाक्याची थंडी, किंवा ज्याला रात्रीतून चारदा कूस बदलायची आहे असा मित्र. तिथे हट्ट करू नका.

पहिली रात्र घराजवळ काढा. दुपारी दोन तास पडून बघा, मग एक रात्र, आणि मध्येच उठून खाटेवर जाता येईल अशा ठिकाणी. मला तिसऱ्या रात्री सलग झोप लागली.

बरं, आता डास आले. तो मागे टॉर्च दिसतोय तो मामा. आज त्याची जागल आहे, उन्हाळी धानात रानडुकरं घुसतायत. तो मचाणावर जाईल. मी मात्र इथे झोपणार नाहीये. बांधाच्या पलीकडे मोहाचं झाड आहे, आणि आज सकाळी त्याच्याखाली पिवळसर सडा पडलेला पाहिला. हॅमॉक सोडतो आणि अंगणातल्या कडुलिंब आणि चिंचेमध्ये नेऊन बांधतो. आजीला दाखवायचंय, यावेळी पोट ठेवलंय.

पुढच्या भागात भेटू.